घोटाघोटाने घ्यायची बिअर

बिअर म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो बर्फासारखा गार, पिवळाधमक ग्लास. त्यातून बाटलीवर ‘स्ट्राँग’ असे लिहिलेले असले, की ती कशासाठी घेतली जाते हे वेगळे सांगायला नको. चवीचा प्रश्न तिथे येतच नाही. इतकी गार वस्तू तोंडात घेतल्यावर जीभ तरी बिचारी काय सांगणार?

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, ट्वीड नदीच्या खोऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात तयार होणारी ‘ट्रॅक्वेअर हाउस एल’ ही समजूत पहिल्या घोटातच मोडून काढते. तीही स्ट्राँगच, ७.२ टक्के मद्यार्काची. पण ती फ्रीजमधून काढल्याबरोबर प्यायची नसते. बाटली थोडा वेळ बाहेर ठेवायची. मग ग्लासात दिसतो काळपट तांबूस रंग, दाट चहाच्या अर्कासारखा. नाकाशी नेल्यावर येतो तो खजुराचा, काळ्या मनुकांचा आणि गुऱ्हाळात काकवी कढत असताना दरवळतो तसा वास. जिभेवर आधी गोडवा पसरतो. तो साखरेचा नव्हे, खरपूस भाजलेल्या धान्याचा. मग लाकडाची एक पुसटशी चव, आणि गिळल्यावर हळूच वर येणारा हॉप्सचा कडवटपणा. तो कडवटपणा नसता, तर दुसरा घोट घ्यावासा वाटला नसता. नुसती गोड बिअर लवकरच ओशट वाटू लागते.

हा गोडवा येतो कुठून? ज्या घरात बाळासाठी नाचणीचे सत्त्व केले जाते, तिथे हे चटकन कळेल. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची. मोड येताना दाण्यात असे काही घटक तयार होतात, की जे पिठूळपणाची साखर करू शकतात. जवाला, म्हणजे सातूला, असेच मोड आणून भट्टीत वाळवले की झाले माल्ट. मुलांच्या दुधात घालायच्या पुडीवरही हाच शब्द असतो! हे माल्ट भरडून सुमारे ६५ अंशांच्या गरम पाण्यात मुरवले, की पाणी गोड होते. ते हॉप्सबरोबर उकळायचे, गार करायचे आणि यीस्टच्या हवाली करायचे. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क मागे ठेवते. पण सगळीच साखर तिला पचत नाही. पाण्याच्या मानाने माल्ट सढळ हाताने घातले असेल, तर मद्यार्कही वाढतो आणि न पचलेली साखरही भरपूर उरते. या एलचा जोर आणि तिचा दाटपणा ही एकाच धान्याची दोन रूपे आहेत. म्हणूनच जोर लपतो, आणि तिथेच सांभाळावे लागते. ३३० मिलीलिटरच्या बाटलीत पाच टक्क्यांच्या साध्या बिअरच्या पावणेपाचशे मिलीलिटरांइतका मद्यार्क असतो. दोघांत एक बाटली पुरे.

आता त्या वाड्याविषयी. ट्रॅक्वेअर हे स्कॉटलंडमधले सर्वांत जुने नांदते घर मानले जाते. मेरी राणी १५६६ मध्ये तान्ह्या मुलाला घेऊन इथे येऊन गेली. घराणे कॅथलिक आणि स्टुअर्ट राजवंशाचे पक्षपाती, म्हणजे पुढे कायम हरलेल्या बाजूचे. राजपुत्र चार्ल्स एडवर्ड १७४५ मध्ये इथून निघाला, तेव्हा वाड्याच्या धन्याने मुख्य फाटक बंद केले आणि स्टुअर्ट पुन्हा गादीवर बसेपर्यंत ते उघडायचे नाही असा पण केला, असे सांगतात. फाटक आजही बंद आहे. पाहुणे बाजूच्या वाटेने येतात.

असल्या हट्टाने वाडा टिकत नाही. छपरे गळायची ती गळतातच. वाड्यातली जुनी बिअरची भट्टीही कधीच थंड पडली होती. एका बाजूच्या खोलीत १७३९ चे तांब्याचे भांडे आणि ओक लाकडाची पिंपे नुसतीच पडून होती. विसावे धनी पीटर मॅक्सवेल स्टुअर्ट यांनी १९६५ मध्ये ती पुन्हा वापरात आणली. ब्रिटनमध्ये त्या काळी मोठ्या कंपन्या लहान भट्ट्या गिळत होत्या, सगळीकडे एकाच चवीची बिअर पोचत होती. अशा वेळी लाकडी पिंपात बिअर आंबवायला निघालेला माणूस व्यवहारी लोकांना कसा वाटला असेल! पण तीच बिअर वाड्याचे नाव दूरदेशी घेऊन गेली. १९९० मध्ये ते वारले. पूर्वजांचे नाव, त्याबरोबर येणारी दुरुस्तीची बिले आणि भट्टी, सारे त्यांची मुलगी कॅथरिन यांच्या हाती आले.

बंडाला अडीचशे वर्षे झाली, तेव्हा १९९५ मध्ये ‘जॅकोबाइट एल’ निघाली. ती ८ टक्क्यांची, आणखी काळी. तिच्यात धने घालतात. आमटीतल्या धन्यांशी ज्याची ओळख आहे, त्याला ते लगेच सापडतात: अगदी शेवटी, घोट उतरून गेल्यावर, घशाशी रेंगाळणारा ओळखीचा वास.