तिथीची पाऊणपट

आचऱ्याला आईच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. डिसेंबरात आम्ही मुंबईहून पोचलो की माझी लेक दप्तर, पिशव्या, सगळं पडवीत टाकून आधी त्याच्यापाशी जाते. आज तिथी कुठली ते बघते, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते आणि मग आजीला सांगते, उद्या ओहोटी कधी ते.

हे गणित आजीनेच तिला शिकवलं. दर्यावर जायचं तर घड्याळ नंतर, आधी तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून प्रतिपदा आली की मोजणी पुन्हा एकापासून. दोन्ही पंधरवड्यांना हिशेब एकच. माझ्या आईने शाळेत पाऊणकी पाठ केली होती. माझ्या पिढीने ती केली नाही, आणि लेकीच्या पुस्तकात तर पाऊणकी हा शब्दही नाही. तरी तिने एका दुपारी पडवीत बसून पंधरापर्यंतची पाऊणकी स्वतः तयार केली, आजीकडून तपासून घेतली आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली.

पण पाऊणपटच का? आईला नियम माहीत होता, कारण नव्हतं. "तसाच ता," ती म्हणाली. मला शाळेतलं थोडंफार आठवत होतं, पण मी गप्प राहिले, आणि गप्प राहिले याचं आजही मला बरं वाटतं. पौर्णिमा नुकतीच उलटली होती. परसातल्या माडांच्या मागून चंद्र वर आला तेव्हा लेकीने आत येऊन घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती अंगणात जाऊन उभी राहिली तर चंद्र नाही. गारठा पडत होता. अंगावर आजीचं लुगडं दुहेरी घेऊन ती पायरीवर बसून राहिली. चंद्र आला तो पाऊण तासाच्या वर काही मिनिटं उशिरा. "आजी, हा रोज पाऊण तास उशिरा येतो! पाणी त्याच्यामागून येतंय!" ती ओरडत आत आली. तिच्या शोधाची ती पायरी मला अजून दिसते, दंवाने ओली झालेली.

मुलांना घेऊन हिंडायचं तर कोकणातली थंडीच खरी. पावसात दर्या कुणाला जवळ येऊ देत नाही आणि उन्हाळ्यात वाळू पाय भाजते. मार्गशीर्ष-पौषात मात्र समुद्र शांत, पाणी नितळ, आणि पहाटे जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा तो थंड वारा. लेकीच्या भूगोलात त्याचं नाव मतलई वारा. परीक्षेत तिने त्याची व्याख्या बरोबर लिहिली होती. पण मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर कुणीतरी शेकायला पालापाचोळा पेटवला होता आणि त्याचा धूर सरळ समुद्रातल्या किल्ल्याकडे चालला होता, तो बघून ती थबकली. दुपारी त्याच जागी तिने मूठभर कोरडी वाळू वरून सोडून बघितली. वाळू आता गावाकडे उडत होती.

दांडीला आम्ही गेलो होतो रापण बघायला. रापणीला घाई चालत नाही. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत सोडत पाण्यात मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि ओढणं सुरू होतं. एक पाऊल मागे, पुन्हा एक पाऊल मागे. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. तासभर तरी पाण्यावर दिसण्यासारखं काही घडत नाही. लेकीलाही दोराला हात लावू दिला. तिच्या ओढण्याने जाळं किती आलं असेल देव जाणे, पण तिच्यापुढच्या म्हाताऱ्या रापणकाराने मागे वळून एकदाच म्हटलं, "जोर लाव गो बाय," आणि ती दात-ओठ खाऊन ओढायला लागली.

एवढ्या वेळात तिचे प्रश्न सुरू झाले होते. वर पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. ते तपकिरी डोक्याचे कुरव, मी सांगितलं. "पण यांचं डोकं तर पांढरं आहे!" खरंच होतं. थंडीत त्यांचं डोकं पांढरं होतं, डोळ्यामागे तेवढा काळा ठिपका उरतो. तपकिरी डोकं ते विणीच्या दिवसांत मिरवतात, लडाख आणि तिबेटातल्या तळ्यांवर. आपल्याकडे येतात ते साध्या वेषात. "मग नाव आपण का नाही ठेवलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रश्न मला फार आवडला.

जाळं वाळूवर आलं तेव्हा बांगडे, पेडवे, सौंदाळे वेगळे करायची एकच धांदल उडाली. मोठ्यांचं लक्ष टोपल्यांकडे. लेकीचं लक्ष होतं ते कुणाला नको असलेल्या गोष्टींकडे. एक केंड बाजूला पडला होता, मुठीएवढा, करड्या पाठीचा. तिने वाकून हात पुढे केला तशी एक बाई म्हणाली, "हात लावू नको गो, फुगतलो तो." आणि तो फुगलाच. पांढरंशुभ्र पोट चेंडूसारखं टरारलं, पर दोन्ही बाजूंना अगदीच आखूड दिसायला लागले आणि त्याचे चार दात बाहेर आले. पाण्यात तो पाणी पिऊन फुगतो, इथे हवाच गिळत होता. रापणकाराने त्याला पायाने हलकेच लाटेत लोटलं. थोडा वेळ तो पोट वर करून तरंगत राहिला, मग हवा सोडून दिसेनासा झाला. दुसरीकडे म्हाकुलाने तिच्या फ्रॉकवर शाई सोडली. तो डाग धुतल्यावरही गेला नाही आणि तिने तो फ्रॉक टाकूही दिला नाही.

निघताना वाट्याला चार बांगडे आले. दोराला हात लावलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. हे सगळं लिहिताना मन जडही होतं. पर्ससीन जाळी आणि रात्रीचे एलईडी दिवे समुद्रातच मासळी उचलतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या रापणीला काय उरणार? रापण हा नुसता धंदा नव्हे. सगळ्या वयांच्या माणसांनी एका दोराला हात लावायची ती जागा आहे, आणि ती टिकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

त्याच किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. काळ्या खडकावर गणपती कोरलेला, आणि सोबत सूर्य नि चंद्र. सिंधुदुर्ग बांधायच्या आधी शिवाजी महाराजांनी पूजा केली ती इथे, 25 नोव्हेंबर 1664 रोजी. समोर कुरटे बेट, त्यावर आज किल्ल्याचा तट. किल्ल्यात आम्ही आदल्या दिवशी जाऊन आलो होतो. चुन्यात उमटलेले हाताचे नि पायाचे ठसे बघितले, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी बघितल्या. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी कसं, यावर होडीत बराच खल झाला. बेटावर पडलेला पाऊस खडकात मुरतो, आणि गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर राहतं, हे तिला पटायला घरी आल्यावर मिठाचं पाणी, साधं पाणी आणि कोकमचा रंग लागला.

पण धोंड्यापाशी तिने विचारलं ते निराळंच. "त्या दिवशी तिथी कुठली होती?" सुदैवाने ती मला ठाऊक होती. शके 1586, मार्गशीर्ष बहुल द्वितीया. ती क्षणभर थांबली. दोनाची पाऊणपट दीड. "म्हणजे दुपारी दीडला भरती. सकाळी साडेसातला ओहोटी." मग खडकाकडे, पाण्याकडे, पुन्हा खडकाकडे बघत म्हणाली, "सकाळी आले असले तर सगळे खडक उघडे दिसले असतील त्यांना. कुठे बांधायचं ते कळलं असेल." इतिहासकार याला काय म्हणतील ते म्हणोत. साडेतीनशे वर्षांमागची एक सकाळ त्या क्षणी आमच्या पायांशी ओली होती. सूर्य आणि चंद्र का कोरलेत, हेही तिने आपल्या मनाशी ठरवून टाकलं. पाणी ओढणारे तेच तर दोघे.

मग अशा गोष्टी आल्या ज्यांची पाऊणपट निघत नाही. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात. गावकरी ती अंडी जपतात. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, आणि वाळू किती तापते त्यावर नर की मादी ते ठरतं. आम्ही दोन संध्याकाळी जाऊन बसलो. अंड्यांवर झाकलेली टोपली उचलली, खाली नुसती वाळू. तिसऱ्या दिवशी थांबता आलं नाही. परतताना लेक एवढंच म्हणाली, "आतमध्ये त्यांना ऐकू येत असेल का, आपण आलोय ते?"

आणि गावपळण. आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गुरं, कुत्री, टोपलीत झाकलेल्या कोंबड्या, सगळी. गावातली मुसलमान घरंही निघतात. मागे कुणी राहत नाही. कुणी म्हणतं तीन दिवस गाव देवाच्या हवाली करायचं, कुणी म्हणतं गावाची हवा शुद्ध होते. लेकीला मी त्यासाठी शाळा बुडवून नेलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन.

रानात जागा साफ करून माडाच्या झापांची खोपी घातली. तीन दगडांच्या चुलीवर भात आणि बांगड्याचं तिखलं. शेजारच्या खोपीतली पोरं आमच्या खोपीत, आमची त्यांच्यात. रात्री भजनं थांबली, चुली विझल्या, आणि आभाळ खाली आलं. मृगाचा बाण, त्यामागून व्याध. कृत्तिका मोजताना कुणाला सहा दिसत होत्या, कुणाला सात, आणि भांडण लागलं होतं. माझी लेक आजीच्या कुशीत गोधडीखाली जागीच होती. आमचं घर तिथून जेमतेम दोन मैलांवर, काळोखात, कुणी नसलेलं.

"आजी, आपण नसताना घर काय करतं?"

आई बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं झोपली.

"गप ऱ्हवता गो. आपण गप ऱ्हवलाव तर ऐकाक येतला."

दोघी गप्प राहिल्या. मीही. लांबून दर्याची गाज येत होती. त्या रात्री भरती कधी होती ते लेकीने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. चौथ्या दिवशी कौल झाला, गाव परतलं. दार उघडताच ती उंबऱ्यावर थांबली आणि कान देऊन काहीतरी ऐकत राहिली. काय ऐकू आलं ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पौषात मुलांना घेऊन आमच्या किनाऱ्यावर याल तेव्हा पंचांग जवळ ठेवा, आणि परतीचं तिकीट ठरवलंय त्याच्या दोन दिवस पुढचं काढा.