रात्री नऊचा मंडप, पहाटे तीनचा मंडप

कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी, आश्विन वद्य पंचमीला, गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी होते. मोझरीचा सोहळा आटोपला की गावोगावच्या पुण्यतिथ्या सुरू होतात. त्यांना तिथीचं बंधन नसतं. सोयाबीन घरात आलं, कापसाची एखाददुसरी वेचणी झाली, हातात चार पैसे खुळखुळले, की यवतमाळ जिल्ह्यातलं गाव आपली तारीख ठरवतं. पहाटे सामुदायिक ध्यान, मग रामधून, कीर्तन, गोपालकाला आणि रात्री खंजेरी भजन स्पर्धा. मी त्या रात्रीचा माणूस. शाळेत संगीत शिकवतो आणि हिवाळाभर राळेगाव, कळंब, घाटंजी, दारव्हा या तालुक्यांतल्या सभामंडपांत परीक्षक म्हणून जागतो.

स्पर्धेचं स्वरूप साधं असतं. चिठ्ठ्या टाकून मंडळांचा क्रम लागतो. प्रत्येक मंडळाला दोन भजनं, ठरलेली मिनिटं. पेटी, तबला किंवा ढोलक, टाळ आणि दोन-तीन खंजेऱ्या. आमच्या गुणपत्रिकेत सूर, ताल, शब्दोच्चार, वाद्यसंगत, शिस्त असे रकाने. मंडळं वीस-पंचवीस आली की पहिलं मंडळ नऊला बसतं आणि शेवटचं कोंबडा आरवायच्या सुमारास उठतं. या लेखात मला सांगायचं आहे ते त्या दोन मंडळांमधल्या अंतराबद्दल.

आधी खंजेरी. वीतभर व्यासाचं लाकडी कडं, एका बाजूला कातडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. डाव्याची बोटं मागून कातडं दाबतात तेव्हा आवाज चढतो-उतरतो. दक्षिणेत हिचीच बहीण कंजिरा. पुदुकोट्टईच्या मान्पुंडिया पिल्लै यांनी ती कर्नाटक संगीताच्या मैफलीत आणून बसवली. तिकडे तिला घोरपडीचं कातडं लागायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यावर बंदी आली. आपल्याकडे बकरीचं कातडं चालतं, आणि अलीकडे फायबरचं, बोल्टांनी ताणलेलं. फायबर दवाला भीत नाही, एवढाच त्याचा गुण. कातड्याची खंजेरी मध्यरात्रीनंतर थंडीनं आणि दवानं उतरते. मग वादक बाहेरच्या शेकोटीजवळ उकिडवा बसतो, खंजेरी जाळावर हातभर उंच धरून गोल फिरवतो, अंगठ्यानं टिचकी मारून कानाशी नेतो, पुन्हा फिरवतो. जास्त शेकली तर कातडं तडकतं. त्याच्या मंडळाचं नाव पुकारलं गेलं तरी तो घाई करत नाही. गुणपत्रिकेत या कामाला रकाना नाही. मी शिस्तीच्या रकान्यात ते गुण देतो, आणि आयोजकांना ते माहीत आहे.

या वाद्याचं मोठेपण त्याच्या लहानपणात आहे. महाराज गावोगाव हिंडले ते हे वाद्य घेऊन. १९३६ साली गांधीजींकडे सेवाग्रामला राहिले तेव्हाही ते होतंच. झोळीत मावणारं, एका हातावर पेलणारं, आणि चाळीस-पन्नास माणसं बसलेल्या जागेला पुरेल एवढ्याच आवाजाचं. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांत होळीच्या लेंगी गाण्यांना नगारा आणि काशाची थाळी वाजते. ती वाद्यं उघड्या आभाळाखाली घुमायला घडली आहेत. त्यांना छपराखाली कोंडलं की कान किटतात. खंजेरीचं उलटं आहे. तिला डोक्यावर छप्पर लागतं.

छप्पर कोणतं, यावर मात्र सगळं अवलंबून असतं. जुन्या देवळांचे सभामंडप सागाच्या खांबांचे, वर धाबं, खाली शेणानं सारवलेली जमीन. माती आणि लाकूड आवाज पितात. शब्द जसा तोंडातून निघाला तसाच शेवटच्या ओळीत पोचायचा. गेल्या काही दशकांत आमदार-खासदारांच्या निधीतून गावोगाव नवे सभामंडप झाले. लोखंडी कैच्यांवर टिनाचं छप्पर, खाली गुळगुळीत टाइल्स, देवाच्या बाजूला चकचकीत फरशीची भिंत. पावसाळ्यात उपयोगी, लग्नाला उपयोगी, झाडायला सोपे. आवाजाच्या दृष्टीनं ते रिकामे पिंप आहेत. टाळी वाजवून पाहा, ती टिन आणि टाइल्सच्या मध्ये फडफडत राहते.

तरीही रात्री नऊला त्याच मंडपात भजन सुरेख लागतं. कारण मंडप भरलेला असतो. बिछायत केंद्रातून आलेल्या सतरंज्या, त्यांवर दाटीवाटीनं बसलेली माणसं, अंगावर शाली, घोंगड्या, मांडीवर झोपलेली लेकरं. ही सगळी आवाज शोषून घेणारी सामग्री आहे. हार्वर्ड विद्यापीठातले वॉलेस साबाइन यांनी १८९५च्या सुमारास हेच मोजलं. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ रेंगाळायचा, ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. साबाइन रात्री, रस्ते शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, त्या दालनात मांडायचे, ऑर्गनची नळी वाजवून घुमारा किती वेळ टिकतो ते घड्याळावर पाहायचे आणि उजाडण्याआधी गाद्या परत नेऊन ठेवायचे. त्यातून निघालेलं सूत्र आजही प्रेक्षागृहं बांधताना वापरतात: जागेचं आकारमान जितकं मोठं तितका घुमारा लांब, शोषणारं सामान जितकं जास्त तितका तो आखूड. माणूसही त्या सामानातच मोडतो.

आता पहाटे तीनचा मंडप पाहा. बायामाणसं लेकरं घेऊन घरी गेलेली, म्हातारे खांबाला टेकून पेंगताहेत, सतरंज्या अर्ध्या गुंडाळलेल्या. उरली फक्त मंडळं आणि आम्ही. उघड्या टाइल्स पुन्हा बोलू लागतात. ज्या मंडळाच्या चिठ्ठीवर शेवटचा आकडा निघाला, त्याचे शब्द एकमेकांवर चढतात, खंजेरीचे बोल पुसट होतात, द्रुत केरव्यात तर चकत्यांचा नुसता खळखळाट ऐकू येतो. मंडळ वाईट गात नसतं, मंडप वाईट ऐकवत असतो. त्याच मंडळाला शब्दोच्चाराचे दोन गुण कमी पडतात आणि पहिलं बक्षीस हुकतं. गावाकडे म्हणतात, रात्रीच्या मंडळाला परीक्षकाची झोप भोवते. झोपेचा वाटा मी नाकारत नाही. पण मोठा दोष टाइल्सचा आहे. म्हणून बारानंतर मी टेबल सोडून मंडळाच्या पुढ्यात दोन-तीन हातांवर जाऊन बसतो. तिथे गळ्यातला आवाज छपराच्या आधी कानात येतो.

यात भर माइकची. बाहेर रंगीत दिवे लावलेले चार-चार बॉक्स, आत दोन, मिक्सरवर इकोचं बटण अर्ध्याच्या वर. इको संथ गाण्याला कदाचित शोभेल. खंजेरी भजनाची चाल धावती. इकोतून परतलेला बोल नेमका पुढच्या मात्रेवर येऊन बसतो आणि टाळकरी गोंधळतो. शिवाय चौकातल्या कडुनिंबावर भोंगा असतोच. तो शंभर फुटांवर असला तरी त्याचा आवाज मंडपात सेकंदाच्या जवळजवळ दहाव्या भागाइतका उशिरा येतो. म्हणजे गायक एक, आणि त्याच्या मागे लंगडत येणारी त्याचीच सावली दुसरी. एका साऊंडवाल्या पोराला मी इको बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, “सर, इको काढला त लोकं म्हनतीन, यानं मशीन खराब आनली. पैसे कोन देईन मंग?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गावाचा दबदबा बॉक्स मोजून ठरतो आणि त्याचं पोट त्यावर आहे.

माइकच नको, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मात्र मी बसणार नाही. जिल्ह्यात महिला मंडळं वाढली त्यात माइकचा मोठा हात आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईनं पुरुषांच्या पट्टीत ओरडून गावं, ही जुनी सक्ती माइकनं संपवली. आता ती आपल्या पट्टीत, आपल्या आवाजात गाते. म्हणून माझी मागणी तंत्रज्ञांना कंजूष वाटेल एवढीच आहे: मुख्य गायिकेला एक माइक, साथीदारांमध्ये एक, पेटीजवळ एक. खंजेरीला माइक अजिबात नको. ती स्वतःच पुरेशी आहे, आणि माइकसमोर आली की चकत्या बाकी सगळ्यांना गिळतात.

कायद्याचं एक कलम इथे आडवं येतं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत, रात्रीही वाजवता येतं. पण आपला सभामंडप तीन बाजूंनी उघडा. त्याला बंदिस्त कसं म्हणणार? दहानंतर भोंगा आणि बाहेरचे बॉक्स बंद व्हायला हवेत, ही पोलिसांची मागणी आणि माझी मागणी एकच आहे. कारणं वेगळी आहेत.

पहाटेच्या घुमाऱ्यावर मी सुचवलेला उपाय बिछायत केंद्रात भाड्यानं मिळतो. कनात. जाड कापडाची ती लांब भिंत लग्नात जेवणावळीला आडोसा म्हणून लावतात. मंडपाच्या तिन्ही उघड्या बाजूंना ती सोडली तर वारा अडतो, दव अडतं, खंजेरी उशिरा उतरते. देवाच्या बाजूच्या फरशीवरही एक पट्टी सोडली तर तिथून परतणारा आवाज कापडात मुरतो. बारानंतर मागची कनात पुढे ओढली की मंडप अर्धा होतो. उरलेली माणसं पुढे सरकून बसतात आणि सतरंज्या गुंडाळायला कोणी मोकळं राहत नाही.

घाटंजीकडच्या एका गावानं गेल्या हिवाळ्यात हे करून पाहिलं. दोन बॉक्स कमी केले, त्या पैशांत कनात आली. पहाटेच्या मंडळांचे शब्द टेबलापर्यंत स्वच्छ आले आणि दुसरं बक्षीस शेवटून तिसऱ्या मंडळाला गेलं. बक्षीस वाटून झाल्यावर आयोजक मंडळाचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, आवाज झ्याक होता जी. पन कनातीपायी रस्त्यावरच्या लोकायले काही दिसलंच नाही. पानठेल्यावाला लय बोलला.” यंदा रस्त्याच्या बाजूची कनात कमरेपर्यंतच सोडायची असं ठरलं आहे. दव किती अडेल, ते मार्गशीर्षात कळेल.