खिद्रापूरचा उघडा मंडप

कुरुंदवाड मागे टाकलं की रस्ता उसाच्या फडांतून खिद्रापूरला जातो. शिरोळ तालुक्याचं हे अगदी टोक. कृष्णेनं गावाला तिन्ही बाजूंनी वेढलेलं, नदीपलीकडं कर्नाटक. बैठ्या घरांच्या या गावात काळ्या दगडाचं कोपेश्वराचं देऊळ उभं आहे.

शंकराच्या देवळात शिरताना हात सवयीनं नंदीच्या पाठीकडे जातो. इथं नंदीच नाही. गावात सांगतात, दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून माहेरी गेली, ती परतलीच नाही. म्हणून इथला महादेव कोपलेला आणि नंदी नदीपलीकडं येडूरला. कोपलेल्या देवाची समजूत काढायला विष्णू आला. तो धोपेश्वर म्हणून गाभाऱ्यात शेजारीच लिंगरूपानं आहे. दुःखानं संतापलेला देव आणि त्याच्याजवळ बसून राहिलेला दुसरा देव! ही कथा मला फार जवळची वाटते.

पण माझा पाय गाभाऱ्याआधी स्वर्गमंडपातच अडतो. हा मंडप मुख्य देवळापासून सुटा, त्याच्या पुढ्यात. "ताई, मदल्या शिळंवर हुब्या ऱ्हावा, आन् मंग वर बघा," एक आजोबा म्हणाले. वर पाहिलं तर छप्पर नव्हतं. 48 खांबांच्या मंडपाच्या मधोमध सुमारे तेरा फुटांचं गोल आभाळ होतं. खाली तेवढीच गोल, सलग शिळा. तिच्या कडेनं आतले बारा खांब फेर धरून उभे, त्यांच्यामागं बाकीचे.

या खांबांशी घाई करू नये. एकच खांब तळाशी चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल होत जातो. गोल भागावरच्या कडा इतक्या रेखीव, की बोट फिरवताना दगड आहे हे विसरायला होतं. खांबांच्या माथ्यावर तुळया, आणि तुळयांवर एकेक थर आधीच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेलेला. प्रत्येक थराचं पूर्ण कडं होतं, त्यातला प्रत्येक दगड शेजाऱ्याला रेटून धरतो, म्हणून मधला भाग मोकळा राहिला तरी काही कोसळत नाही. होमाचा धूर जावा म्हणून ही जागा सोडली, असं सांगतात. असेलही. मला मात्र दिसते ती त्या कारागिरांची हिंमत. घुमट मिटवून टाकणं त्यांना काय अवघड होतं? त्यांनी थांबायचं कुठं ते ठरवलं, आणि तिथपर्यंतचं काम जीव ओतून केलं. उन्हाचा गोल तुकडा फरशीवरून सरकत खांबांवर चढतो, पाऊस आला तर थेट मंडपात उतरतो. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र बरोबर माथ्यावर येतो म्हणून त्या रात्री इथं गर्दी लोटते.

हे काम कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळातलं, मुख्यतः बाराव्या शतकातलं. पुढं देवगिरीच्या सिंघण यादवानं शिलाहार भोजाचा पाडाव केला आणि त्यांचं राज्य संपलं. त्याच सिंघणाचा संस्कृत शिलालेख देवळाच्या दक्षिण दाराजवळ आहे. देवाच्या पूजेअर्चेसाठी त्यानं एका गावाचं उत्पन्न लावून दिलं. हरलेल्या राजघराण्याचं देऊळ जिंकणाऱ्यानं आपलं मानलं, हे त्या दाराशी उभं राहून वाचताना अंगावर काटा येतो. आत जुन्या कानडीतले लेखही आहेत. हा मुलूख मराठी आणि कानडी, दोन्ही भाषा बोलत आला आहे.

बाहेरून फेरी मारताना जोत्यावर हत्तींची रांग लागते. त्यांच्या पाठीवर देव बसलेले, आणि देऊळ जणू या हत्तींनीच तोललेलं. कितीतरी सोंडा तुटल्या आहेत. तरी एखाद्या हत्तीच्या गळ्यातली घंटा, झुलीची किनार अजून जशीच्या तशी दिसते, आणि पाय तिथून निघत नाही.

कृष्णेचा पूर या गावाला नवा नाही. 2019 साली पाणी देवळातही शिरलं. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, पण गाळ आणि ओल दगडाच्या सांध्यांत मुरते, झिजलेल्या मूर्ती आणखी झिजतात. पूर ओसरल्यावर या देवळाची दरवेळी जाणकारांकडून बारकाईनं तपासणी व्हायला हवी, आणि गाळ हळुवार हातांनीच निघायला हवा. आपणही तिथं गेलो की फोटोसाठी त्या हत्तींवर पाय देऊन चढू नये.