गुडघ्याची किंमत

१५ ऑक्टोबर २०२३. मध्यरात्र उलटून गेली होती. समृद्धी महामार्गावर आमच्याच जिल्ह्यात, वैजापूरजवळच्या जांबरगाव टोलनाक्यापाशी एक मिनी बस ट्रकवर मागून आदळली. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारे भाविक तिच्यात होते. बारा जण गेले. बातमीच्या पाठोपाठ आकडेही आले. मृतांच्या वारसांना राज्य सरकारकडून पाच लाख, पंतप्रधान मदत निधीतून दोन लाख. आमच्या मोहल्ल्यातल्या हॉटेलात चहा पिताना कुणीतरी हिशेब करून टाकला, "चलो, सात लाख तो मिल गए."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या वाक्यात आपल्याकडचा एक मोठा गैरसमज आहे. सरकार जाहीर करतं ती मदत असते. मुख्यमंत्र्यांनी जाहीर केली तर मिळते, नाही केली तर मागायला दार नसतं. भरपाई ही वेगळी गोष्ट आहे. ती हक्काची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्यासाठी वेगळं न्यायाधिकरण ठेवलं आहे, ज्याला लोक साध्या भाषेत क्लेम कोर्ट म्हणतात. अपघात जिथे झाला तिथेच दावा लावला पाहिजे असंही नाही. वैजापूरजवळ जखमी झालेला नाशिकचा माणूस नाशिकलाही दावा दाखल करू शकतो. हे कितीजणांना माहीत असतं?

मला स्वतःला हे सगळं माझ्या मामूंमुळे समजलं. मामू फरशी बसवायचं काम करतात, म्हणजे करायचे. २०१८ मध्ये बीड बायपासवर एका कारने त्यांच्या मोटारसायकलला धडक दिली. तेव्हा त्यांचं वय ४२ होतं. जीव वाचला, डाव्या पायाचा गुडघा गेला. दोन ऑपरेशनं झाली, आत प्लेट बसली. आता ते चालतात, थोडे लंगडतात, पण गुडघा पूर्ण वाकत नाही. नमाज खुर्चीवर बसून पढतात. बघणाऱ्याला वाटतं, माणूस बरा झाला.

घरात मराठी कागद वाचणारा मी, म्हणून कागदांची पिशवी माझ्याकडे आली. वकिलांनी पहिल्याच दिवशी एका कोऱ्या कागदावर हिशेब समजावून सांगितला. तो मी इथे मांडतो, कारण तो रहस्य नाही, सगळ्यांना माहीत असायला हवा.

उपचाराचा खर्च, औषधं, येण्याजाण्याचे पैसे, बुडालेली मजुरी हे पावत्यांवर ठरतं. वेदनांसाठी आणि आयुष्यातलं सुख हरवल्याबद्दल न्यायाधीश काही रक्कम धरतात. पण मोठी रक्कम येते ती पुढच्या कमाईच्या नुकसानीतून. त्यासाठी माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं. त्यात भविष्यातल्या वाढीची टक्केवारी मिळवायची. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरवून दिली आहे. स्वतःचा धंदा किंवा मजुरी करणाऱ्याचं वय चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के, चाळीस ते पन्नास असेल तर २५, पन्नास ते साठ असेल तर १०. मग वयाप्रमाणे गुणक लावायचा. गुणकांचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला आहे. पंचविशीपर्यंत १८, पुढे वय वाढेल तसा कमी, ४१ ते ४५ ला १४, पासष्टीनंतर ५. शेवटी, त्या जखमेमुळे कमाईची ताकद किती टक्के गेली, तो आकडा.

मामूंचा रोज धरून महिन्याला १५ हजार पडायचे. वर्षाचे १ लाख ८० हजार. २५ टक्के मिळवले की २ लाख २५ हजार. गुणिले १४, झाले साडेएकतीस लाख. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर अपंगत्व ३५ टक्के होतं. म्हणजे ११ लाख अडीच हजार. मला वाटलं, गणित संपलं. वकील म्हणाले, "आता तर सुरू झालं."

विमा कंपनीच्या वकिलांनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, १५ हजार मिळत होते याला पुरावा काय? पगारपत्रक नाही, बँकेत पैसे नाहीत, इन्कम टॅक्सचा कागद नाही. त्यांचं म्हणणं, आठ हजार धरा. दुसरी, माणूस चालत कोर्टात आला आहे, मग ३५ टक्क्यांच्या वर एक टक्काही कशाला? आठ हजाराने हिशेब केला तर येतात ५ लाख ८८ हजार.

आता उलट बाजूने बघा. फरशी बसवणारा माणूस दिवसभर उकिडवा बसतो. गुडघा वाकला नाही तर त्याचा पाय ३५ टक्के गेला, धंदा मात्र जवळजवळ सगळा गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार निकालात हाच फरक सांगितला आहे. डावा हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो, तोच हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार घरी बसतो. डॉक्टर सांगतात ते शरीराचं नुकसान. कोर्टाने ठरवायचं ते रोजगाराचं. ते ७० टक्के धरलं तर १५ हजाराच्या हिशेबाने होतात २२ लाख ५ हजार.

एकच गुडघा. एका हिशेबाने पावणेसहा-सहा लाख, दुसऱ्या हिशेबाने बावीस लाख. मधलं अंतर हाडाचं नाही, कागदाचं आहे.

ते अंतर कमी केलं मामूंच्या वहीने. कुठल्या साइटवर किती फूट फरशी बसवली, काय भावाने, किती पैसे आले, किती बाकी, हे ते रोज रात्री उर्दूत लिहून ठेवायचे. मामी या वह्या रद्दीत द्यायला निघाल्या होत्या. त्यांचं मराठी भाषांतर करून घेतलं. दोन ठेकेदार साक्षीला आले. डॉक्टरही आले आणि त्यांनी सांगितलं की हा माणूस पुन्हा उकिडवा बसू शकणार नाही. वकिलांनी कर्नाटकातल्या एका भाजीविक्रेत्याच्या खटल्याचा २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. असंघटित क्षेत्रात पोट भरणाऱ्याकडून उत्पन्नाचे कागद मागता येत नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. साक्षीच्या दिवशी मामूंना मराठीत बोलताना अडखळायला होत होतं. शेवटी ते आपल्या दखनीतच म्हणाले, "साब, अपन बैठे बगैर फरशी कैसी लगाना?" मला वाटतं, त्या एका वाक्याने आमच्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त काम केलं.

चार वर्षांनी निकाल लागला. महिन्याला १२ हजार धरले, नुकसान ५५ टक्के. त्या खात्यावर १३ लाख ८६ हजार, शिवाय औषधोपचार आणि बाकीचं, वर व्याज. आम्ही मागितलं त्यापेक्षा कमी, ते देत होते त्याच्या दुपटीहून जास्त.

या चार वर्षांत कोर्टापेक्षा घरातच मला जास्त उत्तरं द्यावी लागली. नानी म्हणायच्या, "मुकद्दर में था, हो गया. इन्शुरन्स का पैसा घर में मत लाओ." त्यांच्या मनातली भीती मला कळत होती. पण सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठीही दियत सांगितली आहे, आणि ती मृताच्या घरच्यांच्या हाती द्यायची आहे. घरच्यांनी माफ केली तर गोष्ट वेगळी. म्हणजे तकदीर मानणं आणि हक्क मागणं यांत भांडण नाही. शिवाय फिकहमध्ये चुकून झालेल्या हत्येची दियत एकट्या माणसावर पडत नाही, त्याचा 'आकिला', म्हणजे त्याच्या पाठीशी उभी असलेली माणसं, ती मिळून भरतात. आज प्रत्येक गाडीवाल्याला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. सगळे गाडीवाले थोडं थोडं भरतात आणि त्यातून जखमी माणसाला मिळतं. मी नानींना एवढंच म्हटलं, "ये अपना इन्शुरन्स नहीं है नानी, उसके सिर का कर्ज है." त्या गप्प बसल्या. पटलं की नाही, ते सांगता येत नाही.

पण दियतचा विचार करताना एक टोचणी लागून राहते. जुन्या फिकहमध्ये ती शंभर उंट होती, हमालाची आणि सरदाराची सारखीच. आपल्या क्लेम कोर्टात ३२ वर्षांचे दोन बाप एकाच ट्रकखाली गेले, दोघांच्याही मागे बायको आणि दोन मुलं, तर ६० हजार पगाराच्या कायम नोकरीवाल्याच्या घरी कर वगैरे सोडून एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास जातील, १२ हजाराच्या मजुराच्या घरी साडेएकवीस लाख. कायदा म्हणतो, मी जिवाची किंमत करत नाही, घराचं झालेलं नुकसान भरून देतो. हे मला समजतं. तरी मजुराच्या मुलाला हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये. आणि जुनी व्यवस्था सगळीच बरी होती असंही नाही. बहुतेक जुन्या फकीहांनी बाईची दियत पुरुषाच्या निम्मी धरली. आपल्या कायद्यातही घरकाम करणाऱ्या बाईचं उत्पन्न फार काळ नवऱ्याच्या कमाईचा एक तृतीयांश भाग म्हणून मोजलं जायचं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की गृहिणीच्या श्रमाला किंमत धरणं ही तिच्या कामाची दखल आहे. तराजू कुठलाही असो, तो सुधारावा लागतो.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. आपल्यातले बहुतेक रोखीवर जगतात. गॅरेजवाले, गवंडी, रिक्षावाले, शिलाई करणाऱ्या बायका. आपली मेहनत खरी असते, पण कागदावर दिसत नाही. म्हणून रोजची कमाई वहीत लिहा, कुठल्याही भाषेत. महिन्यातून दोनदा तरी पैसे बँकेत टाका. अपघात झाला तर एफआयआर, पंचनामा, दवाखान्याचे सगळे कागद, मेडिकलच्या बिलांसकट जपा. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजारांची तरतूद आहे. तीही मागावी लागते, घरपोच येत नाही. आणि दवाखान्याच्या दारात तडजोडीचा कागद पुढे करणाऱ्याला एवढंच सांगा की आधी वकिलाला दाखवतो.

मामूंनी त्या पैशातून कर्ज फेडलं आणि फरशी-टाइल्सचं छोटं दुकान टाकलं. आता स्टुलावर बसून ते दुसऱ्यांना टाइल्स विकतात. दुकानात काम करणाऱ्या पोराला त्यांनी पहिल्याच दिवशी एक वही दिली आणि सांगितलं, रोजचा पगार यात लिही, खाली माझी सही घे.