मागची टाच

बॉक्सरचे पाय आधी जातात. मग नजर, आणि नजरेबरोबर डोकं मागं घेण्याची चपळाई. मूठ सगळ्यांत शेवटी जाते. भंडाऱ्यात पोरांना बॉक्सिंग शिकवता शिकवता मला हे पटत गेलं, आणि तेव्हापासून रिंगमध्ये मी हातांकडे कमी बघतो, पायांकडे जास्त.

त्यातही मागच्या टाचेकडे. चांगल्या बॉक्सरची मागची टाच जमिनीपासून बोटभर उचललेली असते. झेप घेणं, मागं सरकणं, समोरच्याचा जॅब नाकासमोरून वाया जाऊ देणं, सगळं त्या बोटभर अंतरावर चालतं. टाच टेकली की मागं हटण्याआधी अंगाचं वजन पुन्हा पायाच्या चवड्यावर घ्यावं लागतं आणि तेवढ्यात ठोसा पोचलेला असतो. कोवळ्या पोराची टाच तिसऱ्या राऊंडच्या शेवटी टेकत असेल तर तो दमसासाचा प्रश्न. दोरीउड्या आणि पहाटे कारध्याच्या पुलापर्यंतची धाव, एवढ्यानं तो सुटतो. पण मुरलेल्या खेळाडूची टाच ताज्या दमात, पहिल्याच राऊंडला टेकायला लागली, की उतार सुरू झाला. त्याचं त्याला ते कळत नाही, कारण बॅगवर त्याचा ठोसा पूर्वीइतकाच जोरात वाजतो. तो आवाज ऐकून तो आणखी तीन-चार वर्षं खेळतो, आणि तीच वर्षं घातक असतात.

मोहम्मद अलीचं सगळं आयुष्य मला या टाचेच्या हिशोबानं वाचता येतं. १९६४ मध्ये बाविसाव्या वर्षी त्यानं सनी लिस्टनला हरवलं, ते रिंगभर चवड्यांवर फिरत. लिस्टन सातव्या राऊंडला स्टुलावरून उठलाच नाही. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला अलीनं नकार दिला, त्याचा किताब काढून घेण्यात आला, परवाने गेले, आणि पंचवीस ते अठ्ठावीस ही वर्षं तो रिंगबाहेर राहिला. परतला तेव्हा मूठ होती, डोकं तर आधीपेक्षा तल्लख होतं, पण पाय पंधरा राऊंड साथ देईनात. मग त्यानं मार खाऊन जिंकायची विद्या काढली. १९७४ मध्ये किन्शासात दोरांना पाठ टेकून त्यानं जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर झेलले आणि तो थकल्यावर आठव्या राऊंडला त्याला आडवा केला. जगाला ती रात्र त्याच्या वैभवाची वाटते. मला त्याचा खरा भर १९६४ ते १९६७ हा वाटतो, तीनच वर्षांचा, आणि त्यापुढचं सगळं त्यानं उधारीवर मिळवलेलं. १९७७ मध्ये अर्नी शेवर्सशी लढत झाल्यावर तपासण्यांचे अहवाल पाहून त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी थांबण्याचा इशारा दिला. कोणी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी त्याची साथ सोडली. १९८० मध्ये, अडतिसाव्या वर्षी, लॅरी होम्ससमोर अलीला दहा राऊंड मार खाताना आजही मला पाहवत नाही. होम्स एके काळी त्याचाच सरावातला जोडीदार होता. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं.

त्याच फोरमननं १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकल मूररला पाडून हेवीवेटचा किताब परत घेतला. त्या लढतीत तो गुणांवर मागं होता, पाय जवळजवळ जागचे हलत नव्हते, आणि दहाव्या राऊंडला एका उजव्या हातानं काम झालं. मूठ शेवटी जाते, याला याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही. मधली दहा वर्षं तो रिंगमध्येच नव्हता, हेही विसरू नये. त्या दहा वर्षांत त्याच्या डोक्याला एकही ठोसा बसला नाही.

आमच्याकडे बाप पोराला घेऊन येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "सर, हे किती वर्षं चालन?" त्यामागे पोलीस भरती असते, सैन्य असतं, नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असतं. प्रश्न रास्त आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या. खुला गट १९ ते ४० वर्षांचा. कागदावर एकवीस वर्षं. पण ऐन भराची, माझ्या अंदाजानं, पाच-सहा. हलक्या वजनाच्या पोराचा भर लवकर येतो आणि लवकर ओसरतो, कारण त्याचं भांडवल वेग असतं. जड वजनाचा उशिरा पिकतो.

मेरी कोम मात्र हलक्या वजनातली असून हा हिशोब मोडते. २००२ ते २०१० मध्ये पाच जागतिक सुवर्णपदकं, लंडन ऑलिम्पिकला कांस्य, मग तीन मुलांची आई पस्तिशी ओलांडून २०१८ मध्ये दिल्लीत ४८ किलोत सहावं सुवर्ण घेते. तिचे सामने पाहताना माझं लक्ष ती किती मारते याकडे नसतं. ती मार किती कमी खाते ते मी मोजतो. दोन ठोसे देऊन बाजूला. शिवाय महिलांच्या हौशी खेळात राऊंड मोजके आणि डोक्याला हेडगार्ड. तिनं आपला भर जपून खर्च केला.

आमच्या शेजारी नागपूरची अल्फिया पठाण आहे. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडच्या किल्त्से शहरात ती ८१ किलोंवरील गटात जागतिक युवा विजेती झाली. पुढच्याच वर्षी एलोर्डा कपमध्ये तिनं कझाकस्तानच्या लज्जत कुंगेइबायेवाला हरवलं, जी २०१६ ची जगज्जेती होती. या मुलीबद्दल मला फार आशा आहे आणि एक खंतही आहे. ऑलिम्पिकमध्ये महिलांची वजनं ७५ किलोंपाशी संपतात. खेळाडू भरात असताना तिच्या वजनाला दारच नसावं, हे मला बोचतं.

हे सगळं मला शेवटी आमच्या सरावात आणून सोडतं. पावसाळ्यात अर्धी पोरं धानाच्या रोवणीला जातात. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावून संध्याकाळी आलेल्या पोराची कंबर आखडलेली असते, पाय जड असतात, अंगात उत्साह मात्र दांडगा. त्याला त्या दिवशी मी ग्लोव्हज देत नाही. टाच टेकलेल्या पायांनी तो हमखास डोक्यावर मार खातो. आरशासमोर शॅडो, पायांची कामं, आणि घरी.

स्पर्धेत डोक्याला मार बसून सामना थांबला तर किमान ३० दिवस खेळायला बंदी असते. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर ९० दिवस, वर्षात तिसऱ्यांदा झालं तर पूर्ण वर्ष. नियम चांगला आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी पोराला बहुतेक मार सरावात बसतो, आणि तिथं टेबलाशी डॉक्टर नसतो, पंच नसतो, नोंद नसते. म्हणून मी वही ठेवतो. कोणत्या पोरानं कोणत्या तारखेला स्पारिंग केलं, डोक्यावर जोराचे ठोसे किती घेतले, दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं का. दुखलं म्हणाला की महिनाभर पॅड आणि दोरी, समोर राज्य स्पर्धा असली तरीही. पोरं रुसतात, एखादा दुसरीकडे सरावाला जातो. जाऊ दे.

किती वर्षं चालेल, या बापाच्या प्रश्नाला खरं उत्तर देतो ते पोराचं एक साल सरल्यावर, वही उघडूनच. पदकांची भिंत त्याला नंतर दाखवतो. "यानं या सालात डोक्यावर एवढा मार घेतला," मी सांगतो, "हा आकडा दरसाल मी खाली आणला, तर तिशीपर्यंत पोरगा तुमच्यासमोर चवड्यांवर खेळल." तो आकडा दोनदा वाचतो आणि विचारतो, पुढल्या महिन्याची पानं बघायला केव्हा येऊ.