चैत्रातले टाके

आमच्या छावणीत सध्या दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी घालावं लागतं. नेमक्या याच दिवसांत मी ट्रंकेतली लोकर बाहेर काढतो आणि नवीन विणकाम सुरू करतो. युनिटमध्ये नव्याने आलेले तरुण अधिकारी आधी माझ्या हातातल्या सुयांकडे बघतात, मग कूलरकडे. विचारायचं धाडस सहसा कोणी करत नाही. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हा खुलासा.

विणकाम मला आजीने शिकवलं, साताऱ्याला, शाळेच्या सुट्टीत. एक सुलट, एक उलट. चुकलं की ती न बोलता उसवायची आणि सुया परत हातात द्यायची. तिचा नियम होता, गुढी उतरली की टाके घालायचे. शेजारच्या बायका त्या दिवसांत कुरडया आणि सांडगे वाळत घालत असायच्या आणि ही ओसरीवर लोकर घेऊन बसायची. कोणी हसलं तर म्हणायची, "तुमची पावसाळ्याची बेगमी, माझी थंडीची."

हा नियम 1962 पासूनचा. त्या वर्षी 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. नामका चू नदीच्या काठावर आपले जवान सुती गणवेशात उभे होते. बातम्या आल्या तशी देशभर घरोघरी लोकर आली. आजी तेव्हा पंचविशीची. वाड्यातल्या बायकांनी रात्र रात्र जागून स्वेटर विणले. 21 नोव्हेंबरला युद्ध थांबलं, तेव्हा आजीच्या स्वेटरची एक बाही व्हायची होती. लढाई एक महिना चालली आणि घरकाम सांभाळून मोठ्या माणसाचा स्वेटर विणायला दोन महिने लागतात. जवानांच्या अंगावर गरम कपडे नव्हते यात त्या बायकांचा काहीच दोष नव्हता. तरी आजीच्या मनात ती बाही राहिली. तो स्वेटर तिने पुरा करून पाठवला. पुढच्या वर्षीपासून मात्र तिने थंडीची वाट पाहणं सोडलं.

फौजेत आल्यावर कळलं की आजीची पद्धत ही फौजेचीही पद्धत आहे. लडाखमध्ये हिवाळ्याची तयारी हिवाळ्यात करता येत नाही. झोजी ला साडेअकरा हजार फुटांवर. तिथला बर्फ हटवून रस्ता खुला झाला की ट्रकांची रांग लागते. डाळ, तांदूळ, रॉकेल, बुखाऱ्या, कपडे, औषधं, सगळं उन्हाळ्यात वर चढवायचं, कारण बऱ्याच चौक्यांचा रस्ता पुढे काही महिने बर्फाखाली जातो. कागदावर याला 'अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग' म्हणतात. आजीच्या भाषेत बेगमी. ऑक्टोबरमध्ये आठवलेली वस्तू त्या वर्षापुरती विसरलेलीच समजायची.

पश्मिन्याची लोकरसुद्धा उन्हाळ्यातच मिळते. चांगथांगच्या पठारावर चांगपा लोक बकऱ्यांचा पश्मिना काढतात तो ऊन तापू लागल्यावर. थंडीसाठी वाढलेली मऊ लव बकरी तेव्हा स्वतःच टाकू लागते. ती कंगव्याने विंचरून घेतात. एका बकरीकडून ती थोडीच मिळते.

आता ज्यांना प्रत्यक्ष सुया हातात घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. उन्हाळ्यात मोठा स्वेटर मांडीवर घेऊन बसवत नाही. म्हणून कानटोपी, पायमोजे, हातमोजे अशी लहान कामं घ्यावीत. स्वेटरच करायचा तर पाठ, पोट आणि बाह्या वेगवेगळ्या विणाव्या आणि शेवटी जोडाव्या. घामाच्या हाताला धातूच्या सुयांपेक्षा बांबूच्या बऱ्या पडतात. मी पहाटे पीटीला जाण्याआधी अर्धा तास विणतो. डोंगरावर पाठवायचं असेल तर ॲक्रिलिक टाळा. बुखारीची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही आणि घाम शोषूनही ऊब धरते. पावसाळ्यात अर्धवट विणकाम कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून नीट बंद करून ठेवा, नाहीतर कसर लागते.

एक प्रश्न उरतो. आज जवानाला सरकारी कपडे चांगले मिळतात. ग्लेशियरवरचे बूट, जॅकेट, मोजे सगळं त्या थंडीसाठीच बनवलेलं असतं. मग घरचं विणलेलं कशाला?

माझ्या कंपनीत कोल्हापूरकडचा एक नाईक होता. तो वर जाणार हे कळल्यावर त्याच्या आईने मे महिन्यातच पायमोजे विणायला घेतले. वर जायच्या आधी ते त्याच्या हातात पडले. माप जरा मोठं झालं होतं. ड्यूटीवर तो सरकारी मोजे घालायचा, तसा हुकूमच होता. रात्री स्लीपिंग बॅगेत शिरताना आईचे घालायचा. जानेवारीत रेडिओवर निरोप आला की त्याची आई गेली. हवामान बंद होतं. हेलिकॉप्टर पाच दिवस येऊ शकलं नाही. क्रियाकर्म त्याच्याशिवाय झालं. आम्ही त्याला ड्यूटी लावू नये असं ठरवलं, तर तो म्हणाला, "साहेब, लावा." तो पाळी करायचा, परत यायचा, बूट काढायचा आणि ते मोजे घालून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याच्याशी काय बोलावं ते आमच्यापैकी कोणालाच सुचत नव्हतं.

त्या माउलीने दिवाळीनंतर विणायला घेतलं असतं तर त्या पाच रात्री त्याच्याजवळ तिचं काहीच नसतं.

आपल्याला घाम फुटला म्हणजे सगळ्यांनाच फुटला असं नाही. आपण आमरस खातो त्या मे महिन्यातही सियाचीनच्या वरच्या चौक्यांवर पारा शून्याखाली असतो. डिसेंबरात गार वारा लागला की जवानाची आठवण कोणालाही येते. भर उन्हात ती यावी लागते, कारण काही करायला वेळ हातात असतो तो तेव्हाच.

तुमच्या घरातलं, गल्लीतलं, गावातलं कोणी यंदा वर जाणार असेल तर पायाचं माप आत्ताच मागवून घ्या. हंगाम संपताना दुकानदार बरेचदा उरलेली लोकर स्वस्तात देतात, ती बघून ठेवा. आज टाके घातलेत तर आषाढापर्यंत मोजे होतील, गणपतीत टोपी. दसऱ्याच्या आत पार्सल टपालात पडू द्या. पत्त्यात नंबर, नाव, युनिट आणि एपीओ नीट अक्षरात लिहा. बाकी वाट आमच्या टपालवाल्यांना माहीत आहे.