नव्या गुरूचें पहिलें बोलणें

शाळेंत नवा मास्तर आला कीं, विद्यार्थी त्याची परीक्षा पहिल्याच तासाला घेतात. त्याचा आवाज, त्याचें फळ्यावरचें अक्षर, त्याची चालण्याची ढब, एवढ्यावरून मधल्या सुटीपर्यंत निकालही लागलेला असतो. आमचें सारें आयुष्य अध्यापनांत गेल्यामुळें हा प्रकार आम्हांस नवा नाहीं. मोठीं माणसें या बाबतींत मुलांहून फारशीं निराळीं नसतात, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं फुटबॉलच्या शौकिनांकडे पाहावें.

आमच्या अंबडास औद्योगिक वसाहतीमुळें दूरदूरचीं माणसें येऊन राहिलीं आहेत; परंतु इंडियन सुपर लीगच्या स्पर्धेंत नाशकाचा संघ नाहीं. म्हणून आमच्या घरचीं मुलें मुंबईच्या संघासच आपला मानतात. आमची धाकटी बहीण मडगांवास दिलेली. तिचा मुलगा अर्थातच गोव्याचा कैवारी. २०२० च्या ऑक्टोबरांत सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश गृहस्थ मुंबई सिटीचे प्रशिक्षक नेमले गेले, तेव्हां या दोन्ही घरांत एकच गोष्ट दोन तऱ्हांनीं ऐकली गेली.

नवा प्रशिक्षक पहिल्या मुलाखतींत बोलतो तें बहुधा ठराविकच असतें. संस्था थोर आहे, खेळाडू गुणी आहेत, परिश्रमास पर्याय नाहीं, यापलीकडे पाहुण्यानें पहिल्या दिवशीं बोलावें तरी काय? परंतु ऐकणारा त्यांतून आपल्या मनांतलें तेवढें वेंचून घेतो. आमचा नातू मोबाईल हातांत नाचवीत म्हणाला, "आजोबा, यंदा चषक आपलाच!" त्याच रात्रीं मडगांवाहून भाच्याचा फोन आला. "मामा, आमचें घर मोडून तुमचें सजवलें, बरें!"

भाच्याच्या रागास कारण होतें. याच लोबेरांनीं २०१७ पासून गोव्याच्या संघास चेंडू आपल्या पायांशीं खेळवीत ठेवून आक्रमण करण्याचें वळण लाविलें होतें. २०२० च्या जानेवारीअखेर, संघ आघाडीवर असतांनाच, त्यांना दूर करण्यांत आलें. उरलेली मोहीम गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांनीं पुरी केली, आणि साखळींतील प्रथम क्रमांकाची ढाल गोव्यास मिळाली. पुढें लोबेरा मुंबईस आले आणि बूमू, जाहू व फॉल हे गोव्याचे कसलेले खेळाडूही मुंबईकर झाले. इतकेंच नव्हे, तर गोव्याचा कर्णधार राहिलेला मंदार राव देसाईदेखील मुंबईस गेला. परका गेला याचें दुःख माणूस गिळतो. घरचा मुलगा त्याच्या मागें जातो तें मात्र झोंबतें.

अशा वेळीं आम्हांस कालिदासाचें 'मालविकाग्निमित्र' आठवतें. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद राजापुढें येतो. परिव्राजिका कौशिकी निवाड्यास बसते. पण ती आचार्यांची भाषणें तोलीत बसत नाहीं. शिष्यांचा प्रयोग पाहावा, असें ठरतें. आणि मालविकेच्या नृत्यानें गणदासाची योग्यता सिद्ध होते. गुरूची परीक्षा शिष्याच्या ठायीं, हा न्याय रंगभूमीइतकाच मैदानासही लागू आहे.

त्या वर्षीं साथीमुळें सारे सामने गोव्यांतच, प्रेक्षकांवांचून झाले. २१ नोव्हेंबरला मुंबई पहिलाच सामना नॉर्थईस्ट युनायटेडकडून हरली, तेव्हां आमच्या नातवानें चषकाची भाषा सोडून "यांना कांहीं येत नाहीं" असा निकाल दिला! पुढें उपांत्य फेरींत मुंबई आणि गोवा यांचीच गांठ पडली. पेनल्टींवर ६-५ अशी मुंबई सुटली. १३ मार्च २०२१ रोजीं फातोर्ड्याच्या मैदानावर मोहनबागानशीं अंतिम सामना होता. अगदीं शेवटच्या क्षणीं बिपिन सिंगनें गोल केला आणि मुंबई २-१ अशी जिंकली. ढाल आणि चषक दोन्ही त्याच वर्षीं मुंबईस मिळाले. भाचा फोनवर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मामा, राग आहे तो आहेच, पण माणसानें शिकवलें मात्र चांगलें." मुलाखतीच्या रात्रीं हें त्याच्या तोंडून निघालें नसतें.

परदेशी म्हणून कोणी डोक्यावर घेऊं नये, तसाच परका म्हणून झिडकारूंही नये. १९६२ सालीं जकार्त्यास भारतीय संघास सुवर्णपदक मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हे आपल्याच देशांतले, हैदराबादचे शाळामास्तर होते. त्यांचें मोठेपण त्यांच्या शिष्यांच्या खेळावरून कळलें, भाषणावरून नव्हे.

हें लिहिण्याचें कारण निव्वळ खेळ नव्हे. आमच्या नातवाच्या वर्गास यंदा गणिताला परप्रांतीय शिक्षक आले आहेत. त्यांच्या मराठी उच्चारांची मुलें नक्कल करतात, आणि कांहीं पालक पहिल्याच आठवड्यांत शिक्षक बदलून मागण्यास निघाले आहेत. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, निदान एक सत्र जाऊं द्यावें आणि मुलांच्या वह्या उघडून पाहाव्यात. गुरु काय बोलला हें आपण ऐकलेंच आहे. त्यानें काय शिकविलें हें तेथें दिसेल.